अंगठा वर उचला

माझा डावा पाय उजव्यापेक्षा साडेचार सेंटिमीटरनं आखूड होता. जन्मतःच डावा खुबा निखळलेला. 1974 साली माझा जन्म घरीच झाला, आणि बाळाचे पाय फाकवून खुबे तपासून बघायचे असतात हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आता तान्हेपणीच कळलं तर पट्टे बांधून काही महिन्यांत खुबा जागेवर बसवता येतो. माझ्या बाबतीत आईच्या लक्षात आलं ते मी चालायला लागल्यावर, पोर एका अंगाला झुकतेय म्हणून. पुढं सगळं आयुष्य डाव्या चपलेला जाड तळ लावून काढलं. कराडला स्टँडजवळ चपला शिवणारे एक मामा आहेत, त्यांना माझं माप तोंडपाठ होतं.

चाळिशीनंतर दुखणं सुरू झालं आणि पंचेचाळिशीनंतर ते सहन होईना. पतसंस्थेत दिवसभर खुर्चीत बसून उठताना टेबलाला धरून उभं राहायचं, मग दहा-पंधरा सेकंदांनी पहिलं पाऊल. रात्री कूस बदलली की जाग यायची. 2021च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे लावून दाखवला. खुब्याची वाटी उथळ राहिलेली, आणि मांडीच्या हाडाचा गोळा त्या वाटीत नाहीच. तो वर सरकून कमरेच्या हाडाला टेकला होता आणि तिथंच घासून घासून त्यानं दुसरी खोटी वाटी केली होती. नवा सांधा खऱ्या वाटीच्या जागी बसवायचा, म्हणजे पाय खाली ओढायचा, म्हणजे पाय लांब होणार.

मला ऐकू आलं ते एवढंच: पाय लांब होणार.

"पूर्ण समान करता येईल का हो?" मी विचारलं. ते म्हणाले, "नाही ताई, तीन सेंटिमीटरच्या आसपास थांबायचं. नस सत्तेचाळीस वर्षं आखूड पायाला सवकलेली आहे. चार सेंटिमीटरच्या पुढं ओढली तर धोका फार वाढतो. नसेला थोडा त्रास होऊ शकतो." मी मान हलवली. आमचे हेही बरोबर होते, त्यांनीही मान हलवली. 'नसेला थोडा त्रास' म्हणजे मुंग्या येतील, फार तर महिनाभर, असं आम्ही आपसांत ठरवून टाकलं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी एक तरुण डॉक्टर संमतीपत्र घेऊन आले. इंग्रजीत दोन पानं. जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी, सांधा निखळणं आणि या रांगेत नसेची इजा. त्यांनी बोटानं ओळी दाखवल्या, आम्ही सह्या केल्या. माझी तक्रार काय आहे ती इथंच सांगते. धोका लपवला असं मी म्हणणार नाही, सांगितला होता. पण कुणी एवढं म्हणायला हवं होतं, की ताई, पाऊल लोंबू शकतं, चप्पल पायात राहणार नाही, वर्ष-दीड वर्ष पट्टा घालावा लागेल आणि कदाचित कायमचा. ते ऐकूनही मी ऑपरेशन केलंच असतं. पण मग त्या रात्री मला काय बघायचंय ते कळलं असतं.

ती रात्र

कमरेतून भूल दिली होती, आणि नंतर दुखू नये म्हणून पाठीत बारीक नळी ठेवून औषध चालू होतं. संध्याकाळी सहाच्या सुमारास उजव्या पायाची बोटं हलायला लागली. डावं पाऊल पांघरुणाखाली बाहेरच्या बाजूला कलंडून पडलं होतं. माझा पाय असूनही तो परका वाटत होता. सिस्टरना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, भूल उतरतेय, एका बाजूची आधी उतरते. ते खोटं नाही, असं होतंही. रात्री अकरा वाजता मी पुन्हा सांगितलं. "झोपा ताई, सकाळपर्यंत येईल." फाइलमध्ये ते कुणी लिहिलं नाही.

सकाळी नऊला राउंडला आलेल्या निवासी डॉक्टरांनी पांघरूण बाजूला केलं. "पाऊल खाली दाबा." दाबलं. थोडं दाबलं गेलं. "आता अंगठा वर उचला."

मी उचलला. म्हणजे मनात उचलला. मनातून निघालेला तो हुकूम मांडीपर्यंत गेलेला मला कळला, गुडघ्यापर्यंतही गेला असेल, आणि पुढं काही नाही. अंगठा जिथं होता तिथंच. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी दात आवळून, खांदे उचलून सगळ्या अंगानं जोर लावला. उजवा अंगठा वर गेला. मग त्यांनी टाचणीनं पावलाच्या वरच्या भागाला, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधल्या खाचेत टोचून बघितलं. मी कुठं टोचताय असं विचारलं तेव्हा ते काही न बोलता फोन करायला बाहेर गेले.

अर्ध्या तासात मोठे डॉक्टर आले. पुढं सगळं भराभर झालं आणि ते नीट झालं, हेही सांगायला हवं. पायाला गुंडाळलेलं घट्ट बँडेज सैल केलं. पलंगाची डोक्याकडची बाजू खाली केली आणि गुडघ्याखाली दोन उशा दिल्या. खुबा सरळ आणि गुडघा वाकलेला राहिला की मागची नस सैल पडते. पाठीतलं औषध बंद केलं. रक्त साकळून नसेवर दाब येतोय का ते बघायला स्कॅन केला, कारण तसं असेल तर त्याच दिवशी टाके उघडून ते काढावं लागतं, तिथं तास मोजायचे असतात. रक्त साकळलेलं नव्हतं. पाय तीन सेंटिमीटर आणि वर दोन मिलिमीटर लांबला होता. "ऑपरेशनच्या वेळी नस बोटांनी चाचपली होती, अखंड होती," डॉक्टर म्हणाले. "ताणली गेली आहे. आता थांबायचं."

गुठळी नव्हती म्हणून त्या रात्रीनं माझं काही बिघडलं नाही. असती तर? हा प्रश्न मला अजून पडतो.

दोरी

कराडला परतल्यावर घरी यायला लागलेल्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं मला सगळं समजावलं. माझ्या मुलीच्याच वयाची, मला काकू म्हणते. ती म्हणाली, कमरेतून मांडीच्या मागून उतरणारी ती जाड नस, सायटिक, बाहेरून एक दिसते पण आत दोन वेगळ्या नसा एका वेष्टणात असतात. आतल्या बाजूची पाऊल खाली दाबते, बाहेरच्या बाजूची पाऊल वर उचलते. खुबा बदलताना इजा झालीच तर बहुधा बाहेरचीला होते. मी विचारलं, तिनंच काय पाप केलंय? तिनं गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी दाखवली. दोरी एका टोकाला मोकळी असेल तर ओढली तरी सरकते. ही नस दोन्हीकडे खिळलेली आहे, वर कमरेच्या हाडाच्या खाचेत आणि खाली गुडघ्याशेजारच्या हाडाच्या मानेला. मधून ओढली की ताण तिलाच. शिवाय तिच्या धाग्यांमध्ये मऊ भरणही कमी. ताणाखेरीज मांस बाजूला धरायच्या आकड्यांचा दाब किंवा साकळलेलं रक्त हीही कारणं असतात. कितीतरी रुग्णांत नक्की कारण सापडतच नाही. साध्या खुबाबदलात शंभरात एखाद्याला हे होतं. जन्मतः निखळलेल्या खुब्यात ते प्रमाण कितीतरी जास्त, काही अभ्यासांत शंभरात पाचपर्यंत गेलेलं आहे.

मी त्या शंभरात पाचांतली, आणि मला ते आकडा म्हणून कधीच कळलं नसतं. दोरी बघून कळलं.

नसेची तपासणी, ईएमजी, लगेच का करत नाहीत याचा मला फार राग आला होता. त्याचं उत्तरही नंतर मिळालं. नस वर तुटली तरी खालचा तुकडा काही दिवस जिवंत असल्यासारखा वागतो, म्हणून तीन-चार आठवडे जाऊ द्यावे लागतात. डिसेंबरात सुया टोचल्या. नडगीच्या पुढच्या स्नायूत टोचल्या ते ठीक, पण मांडीच्या मागं का? तर त्या बाहेरच्या नसेचा गुडघ्याच्या वर एकच छोटा स्नायू आहे. तो चांगला असेल तर इजा गुडघ्यापाशी, बँडेज-बिँडेज आवळल्यानं झालेली. तोही लंगडा असेल तर इजा वर, खुब्यापाशी. माझा लंगडा निघाला.

सुया टोचणाऱ्या डॉक्टरांनी कागदावर तीन रेघा काढून दाखवल्या. 1943 साली सेडन नावाच्या इंग्रज सर्जननं केलेली नसेच्या इजेची ही विभागणी आजही वापरतात. पहिलीत नस नुसती बधिर होते, आठवड्यांत किंवा दोन-तीन महिन्यांत परत येते. दुसरीत आतले तंतू तुटतात पण नळी शाबूत राहते, मग तंतू वरून खाली नव्यानं वाढत येतात. तिसरीत सगळंच तुटतं. "तुमची पहिली आणि दुसरी मिसळलेली," ते म्हणाले. "दिवसाला एक मिलिमीटर धरा." मी घरी येऊन टेलरची टेप घेतली आणि खुब्यापासून नडगीच्या वरच्या भागापर्यंत मोजलं. पंचेचाळीस सेंटिमीटर. सव्वा वर्ष. व्याजाचे हिशेब करण्यात माझी हयात गेली, पण असा हिशेब कधी केला नव्हता. आणि दुसऱ्या बाजूला स्नायूही वाट बघून बघून सुकत जातो. दीड-दोन वर्षांत नस पोचली नाही तर पोचून उपयोग नाही.

घरातलं पाऊल

लोंबणाऱ्या पावलाचा आवाज असतो. टाच टेकली की पुढचा भाग फटकन फरशीवर आपटतो. गुडघा उंच उचलून, पाण्यातून चालल्यासारखं चालावं लागतं, नाही तर बोटं अडकतात. नवा सांधा बसवलेल्या माणसानं पडायचं नसतं, वाकायचं नसतं, मांडी घालायची नसते, आणि माझं पाऊल उंबऱ्याला, पायपुसण्याला, फरशीच्या सांध्यालासुद्धा अडकत होतं. पहिले तीन महिने घरातली सगळी पायपुसणी उचलून ठेवली होती.

साधी स्लिपर पायात राहायची नाही. आपल्याला वाटतं चप्पल पायात असते. तिला पाऊल धरून ठेवतं, प्रत्येक पावलाला, हे मला तेव्हा कळलं.

एएफओ म्हणजे पोटरीच्या मागून येऊन तळपायाखाली वळणारा प्लॅस्टिकचा पट्टा. पायाला ओलं प्लास्टर गुंडाळून साचा घेतात आणि त्यावर बनवतात. तो बुटात घालायचा असतो. डाव्या पायाचा बूट एक नंबर मोठा घ्यावा लागला. पण आपण घरात बूट घालत नाही, आणि नुसत्या पट्ट्यावर फरशीवर पाय घसरतो. मग मामांकडूनच पट्ट्याच्या तळाला पातळ रबर चिकटवून घेतलं आणि तो फक्त घरात वापरायचा, बाहेरचा वेगळा, असं ठरवलं. देवघरात मात्र पहिल्या दिवशी मी दारातच थांबले. आमच्या सासूबाई सोवळ्याच्या कडक. त्यांनी ओल्या फडक्यानं पट्ट्याचा तळ पुसला आणि म्हणाल्या, "ये आत. हे पायताण नव्हे, तुझा पायच आहे."

दुखण्याबद्दल फार लिहीत नाही. रात्री पावलाच्या वर भाजल्यासारखं व्हायचं, मधूनच विजेचा झटका. चादरीचा स्पर्श नको वाटायचा. यांनी देवाचा जुना चौरंग आणून माझ्या पावलांवर उभा केला आणि त्यावरून पांघरूण घातलं, तेव्हा कुठं झोप लागली. नसेच्या दुखण्यावरचं औषध, गॅबापेंटिन, हळूहळू वाढवत नेलं, त्यानं भाजणं कमी झालं, पण सकाळी डोकं जड. रक्तात बी-12 कमी निघालं, त्याची इंजेक्शनं घेतली.

एक चूक सांगते, कारण ती आपल्याकडं घरोघर होईल. बघायला येणारा प्रत्येकजण शेकायला सांगतो. आमच्या नणंदबाईंनी मायेनं गरम पाण्याची पिशवी पावलावर ठेवली आणि गप्पांत अर्धा तास गेला. मला काहीच कळलं नाही, कळणार कसं? पिशवी उचलली तर मोठा फोड. तो भरायला पाच आठवडे लागले, आणि जखमेतून जंतू जाऊन नव्या सांध्यापर्यंत पोचतील या भीतीनं डॉक्टरांनी मला दर आठवड्याला बोलावलं. बधिर पायाला शेक, गरम तेल, वाळूची पुरचुंडी, काहीही नको. तेव्हापासून रोज रात्री हातात आरसा घेऊन तळपाय बघते.

बाकी रोजचं काम म्हणजे टाच ताणणं. तळपायाला टॉवेल लावून तो हातांनी आपल्याकडं ओढायचा, तीस मोजायचे, दिवसातून चार वेळा. पाऊल महिनोन् महिने खाली लोंबत राहिलं की टाचेची शीर आखडते, आणि मग नस परत आली तरी पाऊल वर येऊ शकत नाही. टॉवेल हातात धरायला पाठ जास्त वाकवायची नाही म्हणून मी दोन टॉवेल एकमेकांना शिवून लांब करून घेतले होते.

ऑगस्ट

नसेच्या वाटेवर बोटानं टिचकी मारली की मुंग्या खाली सरकायच्या. फिजिओ मुलगी पेननं तिथं खूण करायची, नस कुठवर आली त्याची. जानेवारीत खूण मांडीवर होती. मे महिन्यात गुडघ्याखाली चार बोटं. मी ती खूण आंघोळीत पुसू द्यायची नाही.

22 ऑगस्ट 2022, सोमवार. ऑपरेशननंतरचा नववा महिना संपत आला होता. ती नेहमीसारखी "उचला" म्हणाली, मी उचललं, आणि पाऊल हललं नाही. पण तिनं माझा हात धरून घोट्याच्या पुढच्या भागावर ठेवला. "पुन्हा." कातड्याखाली एक दोर ताठ झाला. सुतळीएवढा. लगेच मऊ पडला. "पुन्हा." पुन्हा ताठ झाला. ती रडायला लागली, माझ्याआधी.

तिथून पुढं हळू, पण थांबलं नाही. दिवाळीत पाय आडवा ठेवला तर पाऊल वर यायचं. 2023च्या फेब्रुवारीत वजनाविरुद्ध, बसल्या बसल्या. अंगठा मात्र हट्टी. नस त्याच्यापर्यंत फार उशिरा पोचते.

मधल्या काळात, सुधारणा नाही झाली तर काय, हे विचारायला पुण्याला गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की पाऊल आत वळवणाऱ्या स्नायूचा दोर सोडवून, नडगीच्या दोन हाडांमधून पुढं आणून पावलाच्या वर जोडतात, मग तो पाऊल उचलायचं काम करायला शिकतो. आपल्या देशात हे ऑपरेशन कुष्ठरोग्यांच्या लोंबत्या पावलांसाठी कितीतरी वर्षं होत आलं आहे. पट्टा बनवणाऱ्यांच्या दुकानात मला एक गृहस्थ भेटले होते. त्यांनी पँट वर करून नडगीवरचे व्रण दाखवले आणि पाऊल वर-खाली करून दाखवलं. "वीस वर्षं झाली बाई, शेतात चालतो." मला त्या ऑपरेशनची गरज पडली नाही, पण नस नाही आली तरी रस्ता संपत नाही हे मला तिथं त्या बाकड्यावर कळलं, आणि त्यानंतर मी रात्री झोपू लागले.

पूर्ण बरं होणारे निम्म्याहून कमी. बहुतेकांचं थोडंफार सुधारतं. काहींचं काहीच नाही. मी मधल्यांत. घरात पट्ट्याशिवाय चालते, बाजारात, लग्नात, एसटीच्या प्रवासात पट्टा घालते. थकले की संध्याकाळी फटफट ऐकू येते. पावलाच्या वर कातड्याची एक पट्टी अजून बधिर आहे. आणि खुबा? खुबा दुखत नाही. एक दिवसही नाही. मी टेबलाला न धरता उठते. पुन्हा तीच निवड करायला सांगितली तर मी तीच करीन, हे मी डॉक्टरांना समोर बसून सांगितलं, आणि ती रात्र तुमच्या वॉर्डात कशी गेली तेही सांगितलं. ते सगळं ऐकून घेतलं त्यांनी. आता तिथं रात्रीच्या तक्त्यावर पावलाची हालचाल दर दोन तासांनी लिहितात, असं म्हणाले.

गेल्या वर्षी आमच्या पतसंस्थेतल्या शिपाईकाकांच्या बायकोचा खुबा बदलायचा ठरला, दुसऱ्या दवाखान्यात. काका मला विचारायला आले. मी त्यांना घाबरवलं नाही. वहीचं एक पान फाडून मोठ्या अक्षरात लिहून दिलं: भूल उतरायला लागली की दर तासाला दोन्ही पायांचे अंगठे वर उचलायला सांगा. खाली दाबणं चालणार नाही, वर. एक उचलला आणि दुसरा नाही, तर डॉक्टरांना तेव्हाच बोलवा, सकाळची वाट बघू नका, आणि फाइलमध्ये लिहून घ्या.

रात्री पावणेअकराला त्यांचा फोन आला. मागं वॉर्डातला आवाज येत होता.

"ताई, उचलला."

"दोन्ही?"

"थांबा, परत सांगतो तिला." मग थोडा वेळ काहीच नाही. "हो ताई. दोन्ही."